शाळेचा रोइंग क्लब आणि माजी विद्यार्थी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तिघांसाठी आहे: मुलाला क्लबमध्ये घालावं की नाही या विचारात असलेले पालक, नुकतीच वल्ही हातात घेतलेली मुलं आणि शाळा सोडून गेलेले आपले जुने सवंगडी. आपल्याला लागतं तेवढं वाचा. फक्त बोट उलटल्यावर काय करायचं तो भाग मात्र सगळ्यांनी वाचलाच पाहिजे.

रोइंग आणि कयाकिंग एकच का?

नाही. कयाकमध्ये माणूस पुढे तोंड करून बसतो आणि वल्हं हातात मोकळं असतं. रोइंगमध्ये पाठ पुढे असते, वल्हं बोटीबाहेर आलेल्या दांड्यावरच्या (रिगर) कडीत (गेट) अडकवलेलं असतं आणि बसायची सीट चाकांवर मागेपुढे सरकते. सीट सरकते म्हणून जोर पायांतून येतो. दंड मजबूत हवेत ही समजूत इथेच सोडून द्या. एकाच्या हातात एकच लांब वल्हं असेल तर त्याला स्वीप म्हणतात, दोन असतील तर स्कलिंग. शाळेतल्या मुलांना आम्ही आधी स्कलिंगच शिकवतो. त्यात दोन्ही बाजू सारख्या वापरल्या जातात, वाढत्या वयातली पाठ एकाच अंगाला पिळली जात नाही.

यात पुढे काय आहे? क्रिकेटसारखं नाव तरी होतं का?

नाशिककरांसाठी याचं उत्तर चांदवड तालुक्यात आहे. तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेले, तिथे २०१२ नंतर रोइंग शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताने क्वाड्रपल स्कल्सचं, म्हणजे चौघांच्या बोटीचं, सुवर्ण जिंकलं. त्या चौघांत ते होते, सोबत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पाण्याच्या टंचाईच्या भागातला मुलगा विशीत पहिल्यांदा या बोटीत बसतो आणि चार वर्षांत ऑलिंपिकला जातो. तेव्हा तेराव्या किंवा सोळाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने उशीर झाला असं मुळीच समजू नये.

व्यवहाराचं बोलायचं तर पुण्यात आर्मी रोइंग नोड हे सैन्याचं रोइंग प्रशिक्षण केंद्र आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची परंपरा फार जुनी आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण नोकरीसाठी म्हणून मुलाला पाण्यावर आणू नका. पहाटे साडेपाचला उठणं फक्त आवडीवरच टिकतं.

कोणत्या वयात सुरुवात करावी? उंची किती हवी?

अकरा-बारा वर्षांपासून जमिनीवरच्या रोइंग मशीनवर आणि पाण्यावर हलका सराव चालतो. पूर्ण जोराचं वजन-प्रशिक्षण नंतर. उंचीचा फायदा होतो, कारण हातपाय लांब असले की प्रत्येक स्ट्रोक (वल्ह्याचा एक फेरा) लांब पडतो. पण ठेंगण्या मुलांना आम्ही परत पाठवत नाही. मुलांची वाढ कधी होईल ते सांगता येत नाही, आणि चांगला कॉक्स (न वल्हवता बोटीची दिशा सांभाळणारा आणि आज्ञा देणारा) मिळणं हे चांगला वल्हवणारा मिळण्याइतकंच कठीण आहे. बोट सरळ नेणारा, ताल धरून ठेवणारा, वाऱ्यात डोकं शांत ठेवणारा मुलगा किंवा मुलगी क्लबचा खरा ठेवा असतो.

स्पर्धेत ज्युनियर गट म्हणजे ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. जन्म जानेवारीचा असो की डिसेंबरचा, हिशेब वर्षाचा.

पोहता येणं सक्तीचं आहे का?

हो, आणि यात सूट नाही. पाण्यावर जाण्याआधी चार गोष्टी करून दाखवायच्या: टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालून न थांबता १०० मीटर पोहणं, दोन मिनिटं जागेवर तरंगणं, पाण्याखाली पाच मीटर जाणं आणि पाण्यात असतानाच लाइफ जॅकेट घालणं. त्र्यंबक रोडवरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावात किंवा घराजवळच्या कोणत्याही तलावात शिकून या, घाई नाही. मुलं बहुतेक तिसऱ्या गोष्टीत अडतात. पोहता येतं, पण डोकं पाण्याखाली गेलं की घाबरतात. बोट उलटते तेव्हा डोकं पाण्याखाली जातंच, म्हणून ही अट.

दर वर्षी सप्टेंबरमध्ये चाचणी नव्याने होते. गेल्या वर्षी दिली होती, हे कारण चालत नाही.

सराव कुठे आणि कधी होतो? रामकुंडाजवळ गोदावरीत का नाही?

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये. सिंगल स्कलची लांबी सुमारे ८.२ मीटर, आणि वल्ही बाहेर काढली की रुंदी साडेपाच मीटरच्या आसपास जाते. शहरातल्या पात्रात घाट आहेत, पूल आहेत, स्नानाला आलेली माणसं आहेत, कुठे पाणी उथळ तर कुठे पाणवेली. पाणवेलीचं एक मूळ वल्ह्याला किंवा मागच्या फिनला (बुडाखालच्या लहान पात्याला) अडकलं की बोट जागच्या जागी वळते. तिथे या बोटी चालवणं योग्य नाही.

सोय आहे ती पहाटेची. सूर्य वर येईपर्यंत पाणी आरशासारखं असतं, मग हळूहळू वारा उठतो. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला की सगळ्या बोटी परत. सहलीच्या मोटारबोटी सुरू व्हायच्या आधी सराव संपवण्याचं कारणही तेच: त्यांच्या लाटा आडव्या येतात आणि सिंगलमध्ये नवखं मूल असेल तर उलटतं.

मोसम ऑक्टोबर ते मे. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं. २०० मीटरवरचा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) दिसत नसेल तर दिसेपर्यंत मशीनवर सराव. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरतं, काठचे खडक वर येतात, आणि गेल्या महिन्यात सुरक्षित असलेली वाट आज फिन मोडते. म्हणून या दोन महिन्यांत प्रशिक्षक दर सोमवारी आधी सुरक्षा बोटीने वाट तपासतात. वळीव याच काळात येतो. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही. जून ते सप्टेंबर पाण्यावर सराव पूर्ण बंद. धरणातून विसर्ग सुरू असतो. खाली गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं याची चर्चा शहरात चालते त्या दिवसांत वर बोट घालणं हा वेडेपणा आहे. भिंत आणि सांडवा यांच्या बाजूला तर कोणत्याच महिन्यात जायचं नाही.

एक विनंती: हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. सुरक्षा बोटीत इंधन काठावर, ट्रेवर ठेवून भरायचं. साबणाने बोट धुवायची तर जेटीवर नाही, बोटी ठेवायच्या शेडमागच्या शोषखड्ड्याजवळ.

मुलाने काय घालावं, काय खाऊन यावं?

अंगाला चिकटून बसणारे कपडे. सैल टी-शर्टमध्ये वल्ह्याच्या मुठीसोबत अंगठा अडकतो, सैल शॉर्ट्स सीटच्या चाकाखाली जातात. मोजे हवेतच, बोटीतले बूट सगळ्यांचे असतात. टोपी, एक लिटर पाणी, चष्मा असेल तर मागे बांधायची दोरी. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा. हिवाळ्यात एक जाड जॅकेट घालण्याऐवजी पातळ कपड्यांचे दोन थर, आणि कोरडा जोड पिशवीत. सकाळी आठ-दहा अंशांवर ओल्या कपड्यांत घरी जाणं आजारपणाला आमंत्रण आहे.

निघण्याआधी केळं किंवा शेंगदाण्याचा एक लाडू पुरतो. उपाशी येऊ नका, आणि भरल्या पोटीही येऊ नका. स्ट्रोकच्या सुरुवातीला गुडघे छातीशी येतात, पोटात तर्रीची मिसळ असेल तर ती वर येते. मिसळ नंतर, आणि तेव्हा दोन पाव जास्त लागतील याची पालकांनी तयारी ठेवावी.

मासिक पाळीत मुलींनी सराव करावा का?

करता येतो. त्या दिवसांत व्यायामाने इजा होत नाही, काहींना उलट पोटातलं दुखणं कमी वाटतं. फार दुखत असेल किंवा बोट उलटण्याची शक्यता असलेला सिंगलचा सराव नको वाटत असेल तर प्रशिक्षक ताईंना फक्त “आज मोठी बोट” एवढं सांगायचं. कारण विचारलं जात नाही. शेडमध्ये स्वच्छतागृह आणि पॅड ठेवलेले आहेत. पाळी बरेच महिने थांबली असेल तर मात्र ते लपवू नका. खाणं कमी आणि सराव जास्त झाल्याची ती खूण असते, आणि त्यात हाडं कमजोर होतात. आईने आणि डॉक्टरांनी त्यात लक्ष घालायला हवं.

पहिल्या महिन्यात काय शिकवतात?

पहिला आठवडा जमिनीवर जातो. बोट कशी उचलायची, “ईझी ऑल” म्हटलं की वल्हवणं थांबवायचं, “होल्ड” म्हटलं की पातं पाण्यात उभं रोवून बोट रोखायची. या आज्ञांचा अर्थ झोपेतही आठवला पाहिजे. चौघांची क्वाड बोट रिकामी किमान ५२ किलोची. चौघांत वाटली तर भार हलका वाटतो, पण १३ मीटर लांबीची ती बोट शेडच्या दारातून वळवताना एकाने जरी आपल्या मनाने पाऊल टाकलं तरी रिगर भिंतीला लागतो. आज्ञा एकच माणूस देतो, आणि तो बोट उचलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मशीनवर क्रम: आधी पाय, मग पाठ, मग हात. परत येताना उलट: हात, पाठ, पाय. नव्वद टक्के चुका या क्रमाच्याच असतात. हात आधी ओढले की पायांचा जोर वाया जातो. गुडघे आधी वर आले की हातांना त्यांच्यावरून उडी मारावी लागते आणि वल्ह्याचं पातं पाण्याला टेकतं.

तिसऱ्या आठवड्यात कॉक्ससह क्वाड. दोघं वल्हवतात, दोघं पाती पाण्यावर आडवी टेकवून बोट सावरतात. चौथ्यात मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, चौघं एकत्र. सिंगल यानंतर, आणि बोटीला दोरी बांधूनच.

बोट उलटली तर?

बोट सोडायची नाही. बाकी सगळं यानंतर. बोट पोकळ असते, हवेचे कप्पे असतात, ती बुडत नाही. काठ जवळ वाटतो, तेवढा तो नसतो. दमलेलं मूल पोहत काठाकडे निघालं की सुरक्षा बोटीला ते शोधावं लागतं, बोट मात्र लांबून दिसते.

आधी पाय सोडवा. बुटांचे वेल्क्रो एका दोरीला जोडलेले असतात, ती एकदा ओढली की दोन्ही उघडतात. टाचांना खाली बांधलेली दोरी असते ती याच कामासाठी: टाच थोडी उचलली की दोरी ताणते आणि पाय बुटातून निघतो. म्हणून निघण्यापूर्वी टाच उचलून पाहायची, तीन बोटांपेक्षा जास्त उचलली जात असेल तर दोरी आवळून घ्यायची. ही दोरी तुटलेली असेल तर ती बोट त्या दिवशी पाण्यात जात नाही, स्पर्धा असली तरीही.

मग डोकं वर, एक हात बोटीवर, मोठ्याने नाव आणि “ठीक आहे”. बोट उलटी असेल तर जवळच्या रिगरवर पाय दाबून आणि पलीकडचा रिगर ओढून सरळ करा. दोन्ही वल्ही बोटीला काटकोनात, पाती पाण्यावर सपाट, दोन्ही मुठी एका हातात धरा. मुठी सुटल्या तर बोट परत उलटणार, नेमकं इथेच सगळे चुकतात. दुसरा हात सीटच्या रुळापलीकडे, पायांनी जोरात लाथ, आधी पोट बोटीवर, मग वळून बसा. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर बोटीवर पालथे पडून राहा आणि हात हलवा. दर मोसमाच्या सुरुवातीला हे प्रत्येकाकडून करून घेतलं जातं, आणि माजी विद्यार्थ्यांकडूनही.

लाइफ जॅकेट सगळ्यांना का नाही?

पहिलं वर्ष सगळ्यांना, कॉक्सना कायम. दुसऱ्या वर्षापासून चाचणी पार केलेल्या मुलांना सुरक्षा बोट २०० मीटरच्या आत असेल तर सूट आहे. एक बारकावा महत्त्वाचा: ज्या बोटीत कॉक्स पुढच्या टोकाला आडवा झोपतो, तिथे पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट वापरायचं नाही. बोट उलटली आणि जॅकेट आतच फुगलं तर कॉक्स त्या अरुंद जागेत अडकतो. तिथे दोरी ओढून फुगवायचंच जॅकेट हवं, आणि आधी बाहेर पडायचं, मग ओढायचं.

हाताला फोड आले आहेत, सराव बंद करायचा का?

फोड येणारच. फोडू नका. फुटला तर साबणाने धुवा, कोरडा करा, पट्टी लावा. लाल होऊन गरम लागत असेल तर डॉक्टर. हातमोजे आम्ही सुचवत नाही, त्याने पकड घट्ट होते आणि मूळ चूक तशीच राहते. फोड तळहाताच्या मधोमध येत असतील तर वल्हं मुठीत आवळलं जातंय. ते बोटांच्या पेरांनी लटकल्यासारखं धरायचं असतं, अंगठा मुठीच्या टोकावर. वल्ह्यांच्या मुठी रोज पुसा, एकाची जखम दुसऱ्याच्या हातात जाते.

“क्रॅब लागला” म्हणजे काय?

पातं पाण्यातून बाहेर काढायच्या वेळी तिरपं राहिलं आणि पाण्याने ते आत ओढून घेतलं. मूठ पोटावर येते, कधी डोक्यावरून जाते. लगेच “ईझी ऑल”, मूठ शरीरापासून लांब ढकला, पातं आपोआप वर येतं. वारंवार होत असेल तर मुलाला रागावण्याआधी रिगिंग (रिगर आणि गेटची मापं) पाहा. गेटचा पिच, म्हणजे पाण्यातल्या पात्याचा तिरपेपणा, साधारण ४ अंश असावा. कमी असेल तर पातं खोल जातं, जास्त असेल तर ओढतानाच पाण्याबाहेर निसटतं.

रिगिंगचे आकडे काय ठेवायचे?

शाळेच्या स्कलिंग बोटींसाठी सुरुवातीला स्पॅन (दोन गेटमधलं अंतर) १५८ ते १६०, वल्ह्याचा इनबोर्ड (गेटच्या आतला, मुठीकडचा भाग) ८८, एकूण लांबी २८० ते २८६ सेंटिमीटर. गेट सीटच्या वर १५ ते १७ सेंटिमीटर, बारीक मुलांना कमी. या आकड्यांत मुठी मध्यात साधारण १८ ते २० सेंटिमीटर एकमेकांवर येतात. डावा हात वर, उजवा खाली, म्हणून डाव्या हाताच्या वल्ह्याचं गेट एक ते दीड सेंटिमीटर उंच. हा फरक ठेवला नाही तर उजव्या हाताच्या बोटांची सालं निघतात आणि बोट कायम एका अंगाला कलते.

कलण्याचं कारण शोधायचं तर आधी मुलांच्या जागा बदला. कल मुलासोबत गेला तर चूक हातांच्या उंचीची, जागेवरच राहिला तर रिगरची. मग पाना घ्या. बहुतेक नट १० आणि १३ मिलिमीटरचे आहेत, हे दोन पाने शेडच्या दाराला टांगलेले असतात. नट बोटाने पूर्ण फिरवून मगच पान्याने अर्धा फेरा. जोर लावून आवळलेला नट कार्बनच्या बोटीचं भोक मोठं करतो, आणि ते परत लहान होत नाही.

मशीनवरचे आकडे कसे वाचायचे? डॅम्पर दहावर ठेवला तर लवकर ताकद येते का?

नाही, पाठ लवकर जाते. डॅम्पर म्हणजे हवेचं झाकण, त्यावरचा आकडा प्रत्येक मशीनला वेगळा लागतो. आतली जाळी नाशिकच्या धुळीने भरली की दहाचाही सहा होतो. स्क्रीनवर ड्रॅग फॅक्टर (हवेचा प्रत्यक्ष अडथळा) पाहा: लहान मुलांना १०० ते ११०, मोठ्या मुलांना ११५ ते १२५.

५०० मीटरला लागणारा वेळ हा मुख्य आकडा. २:३० चा वेग म्हणजे साधारण १०४ वॅट, २:०० म्हणजे २०३. म्हणजे तीस सेकंद कमी करायला ताकद जवळपास दुप्पट लागते. “दोन सेकंदच तर कमी झाले” असं म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं, ते दोन सेकंद मोठे असतात.

मशीनचा रूळ रोज पुसायचा, साखळीला वापराच्या ५० तासांनी तेलाचा हात. गंज सोडवणारा फवारा मारू नका, तो साखळीतलं तेलच धुऊन काढतो.

कंबर दुखते असं मूल म्हणतंय.

त्या दिवशी सराव थांबवा. बहुतेक वेळा पुढे झुकताना खुब्यातून वाकण्याऐवजी पाठीची कमान केली जाते, आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. पाय समोर सरळ ठेवून ताठ बसता येतं का ते पाहा, जमत नसेल तर रोज दहा मिनिटं ताण देणं आधी, मशीन नंतर. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा दोन आठवडे राहिलं तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे. “खेळात दुखतंच” हे वाक्य आमच्या शेडमध्ये कोणी बोलत नाही.

दहावी-बारावीचं काय?

नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, डिसेंबरमध्ये हवं तर फक्त मशीन, जानेवारीपासून बंद. बोर्डाच्या वाढीव क्रीडा गुणांसाठी प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख बोर्डाच्या अर्जाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर असलं तरी फाईल परत येते. प्रमाणपत्र हाती पडलं त्याच दिवशी तपासून घ्या.

बोटीला ओरखडा पडला, कोणाला सांगायचं?

लगेच, आणि न घाबरता. सांगितल्याबद्दल कोणाला शिक्षा होत नाही, लपवलेल्या भेगेतून मात्र पाणी आतल्या थरात शिरतं आणि पुढे सगळा भाग सोलून काढावा लागतो. त्या दिवशी कोरडं करून चिकटपट्टी. नंतर भेगेच्या कडा घासून, इपॉक्सी आणि त्यात मिसळायची पूड भरून २४ तास सुकवायचं, मग ४००, ८००, १२०० नंबरच्या ओल्या कागदाने घासायचं. बाजारात सहज मिळणारा पॉलिस्टर रेझिन वापरू नका, इपॉक्सीच्या बोटीला तो नीट धरत नाही.

रोज परत आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुवून पुसायची, रूळ आणि चाकं कापडाने साफ करायची, हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडून ठेवायची. पाण्यावर जाताना तीच झाकणं बंद. एप्रिलच्या उन्हात बोट बाहेर ट्रेसलवर (बोट टेकवायच्या स्टँडवर) ठेवून नाश्त्याला जाऊ नका, कप्पे बंद असतील तर आतली हवा तापून फुगते आणि सांधे उघडतात.

माजी विद्यार्थी मंडळात कोण येऊ शकतं?

एक मोसमही ज्याने क्लबमध्ये काढला तो प्रत्येक जण. पदक मिळालं की नाही, कॉक्स होतात की राखीव, हे विचारलं जात नाही. नोंदणीत उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, बोटीतली जागा, सध्याचं गाव, व्यवसाय आणि आठवड्यातला मोकळा वेळ एवढं लिहायचं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, आम्ही तोच आधी वाचतो.

पंधरा वर्षांनी परत वल्हवायचं आहे, चालेल का?

जरूर. पण हाताला जे आठवतं ते पाठीला झेपत नाही. चार आठवडे मशीन, वीस मिनिटांपासून, बोलता येईल एवढ्याच वेगात. पोहण्याची चाचणी पुन्हा. चाळिशीपुढे असाल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांचं पत्र. पहिल्या चार फेऱ्या क्वाडमध्ये, सध्याच्या मुलांसोबत. तिथे आज्ञा कॉक्सचीच चालते, तो आठवीतला असला तरी.

पैसे द्यायचे की वस्तू?

क्लबला सर्वांत जास्त गरज हातांची आहे. शनिवारी सकाळी सहा वाजता सुरक्षा बोट चालवणारा एक प्रशिक्षित माणूस वाढला की आणखी आठ मुलं पाण्यात उतरू शकतात. नवी सिंगल बोट आली तर एकच. नाशिकमध्ये राहत असाल तर महिन्यातून दोन सकाळ द्या.

बाहेरगावी असाल तर वस्तू किंवा पैसे. वस्तूंत गेट, सीटची चाकं, टाचेच्या दोऱ्या, ३८ ते ४४ मापाचे बोटीचे बूट, लाइफ जॅकेट. चांगल्या स्थितीतली जुनी क्वाड नव्या सिंगलपेक्षा जास्त उपयोगी. बोट पाठवण्याआधी सीटच्या रुळांचे, बुडाचे आणि रिगरच्या भोकांचे जवळून काढलेले फोटो पाठवा, वाहतुकीचा खर्च कधी कधी बोटीच्या किमतीच्या जवळ जातो.

पावती आणि करसवलत मिळते का? परदेशातून पैसे पाठवता येतात का?

पावती प्रत्येक रकमेला मिळते. ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट रोख दिलेल्या २,००० रुपयांपुढच्या रकमेवर मिळत नाही, म्हणून बँकेतूनच पाठवा आणि सोबत पॅन कळवा. परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले माजी विद्यार्थी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात, ती विदेशी देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि त्यासाठी एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याची) नोंदणी लागते. अशा वेळी पैसे भावाच्या किंवा मित्राच्या खात्यातून फिरवून पाठवू नका, त्याने मंडळ अडचणीत येतं. सुट्टीत या आणि शिबिर घ्या.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. वार्षिक सभेत निवडून आलेल्यांनी ओळखपत्र आणि संमतीपत्र त्याच दिवशी सचिवांकडे द्यावं, सगळा उशीर या कागदांसाठीच होतो.

मुलांना शिकवायला यायचं आहे. काय नियम आहेत?

पोलीस पडताळणी आधी. कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत एकटा शेडमध्ये, गाडीत किंवा सुरक्षा बोटीत नसावा, कायम दोन मोठे. मुलांशी खासगी संदेश नाहीत, निरोप पालकांच्या गटावरच. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव आणि इयत्ता लिहायची नाही. हे नियम सर्वांत जुन्या आणि आदरणीय माणसालाही लागू आहेत. अंतिम शब्द त्या दिवशी जेटीवर असलेल्या प्रशिक्षकाचा, आपल्या काळात वेगळं शिकवलं असेल तरी ते मुलांसमोर नाही, नंतर चहावर बोला.

माजी विद्यार्थ्यांची शर्यत कधी असते?

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, ५०० मीटर, क्वाडमध्ये. प्रत्येक बोटीत दोन माजी, दोन सध्याचे आणि सध्याचा कॉक्स. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, जुन्या बॅचने एकत्र बसायचा हट्ट धरू नये. पाच वाजून चाळीस मिनिटांनी शेडवर हजर, कारण त्या दिवशी बोटी माजी विद्यार्थीच रिग करतात. १० आणि १३ चे पाने घरी असतील तर घेऊन या, शेडमधले दोन त्या सकाळी पुरत नाहीत.